मध्येच बंद पडणारी आरसी गाडी: दोष शोधायचा क्रम

दुरुस्तीसाठी हातात येणाऱ्या इलेक्ट्रिक आरसी (रेडिओ कंट्रोल) गाड्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे "चालता चालता मरते, मग आपोआप चालू होते." मालकाची बहुधा खात्री झालेली असते की ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला, आणि नवा मागवायची तयारीही असते. प्रत्यक्षात ईएससी गेलेला क्वचितच निघतो. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी खालच्या क्रमाने तपासा. सगळं १/१० मापाच्या, लायपो (लिथियम पॉलिमर) किंवा निकेल बॅटरीवरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. नायट्रो (इंधनावर चालणारी) गाडी बंद पडण्याची कारणं निराळी असतात, ती इथे नाहीत.

लक्षणं

तक्रार एक असली तरी तिचे चार प्रकार असतात, आणि तुमचा कोणता हे ओळखलं की अर्धं काम होतं.

पहिला प्रकार: जोरात थ्रॉटल दिला किंवा वेगात वळवली की गाडी क्षणभर पूर्ण मरते. मोटर नाही, स्टिअरिंगही नाही. एक-दोन सेकंदांत पुन्हा जागी होते.

दुसरा: चार-पाच मिनिटं मस्त पळते, मग ताकद जाते, अडखळते, थांबते. स्टिअरिंग मात्र चालू राहतं. थोडा वेळ बाजूला ठेवली की परत पळते.

तिसरा: उभ्या जागेवरून निघताना थरथरते, झटके खाते, नुसता कुरकुर आवाज करते. हाताने जरा ढकलली की निघते.

चौथा: जवळ असताना काहीच तक्रार नाही, लांब गेली की आदेश तुटक पोचतात.

आधी पुढची चाकं बघा

स्क्रूला हात लावण्याआधी एकच गोष्ट करा. गाडी पुन्हा बंद पडेल तेव्हा रिमोटचं स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवा आणि पुढची चाकं हलतात का ते बघा.

यामागचं कारण असं. ईएससी दोन कामं करतो. मोटरला वीज देतो, आणि त्याच्या पोटातलं एक छोटं सर्किट बॅटरीचा व्होल्टेज सहाच्या आसपास उतरवून रिसीव्हरला (रिमोटचे आदेश घेणारा भाग) आणि सर्व्होला (पुढची चाकं वळवणारा भाग) पुरवतं. या सर्किटला बीईसी म्हणतात. गाडी थांबली पण चाकं वळतायत, याचा अर्थ रिसीव्हर जिवंत आहे, रेडिओ जोडलेला आहे, बीईसी चालू आहे. मग दोष मोटरच्या बाजूला आहे, किंवा ईएससीने स्वतःहून, संरक्षणासाठी, मोटर बंद केली आहे. चाकंही मेली असतील तर एकतर वीजच तुटली किंवा रेडिओ तुटला. त्यातही फरक कानाने कळतो. जागी होताना ईएससी सुरुवातीचे बीप पुन्हा वाजवत असेल तर त्याची स्वतःचीच वीज गेली होती, म्हणजे बॅटरी किंवा मुख्य कनेक्टर. बीप वाजले नाहीत, फक्त रिसीव्हरचा दिवा लुकलुकला, तर रिसीव्हरची वीज खाली आली किंवा सिग्नल हरवला.

हे एक निरीक्षण केलं नाही तर पुढची प्रत्येक तपासणी अंदाजपंचे होते. त्यासाठी पाच मिनिटं द्याच.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

रिमोटचे सेल बदलून बघा. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. चार साधे सेल नवे असताना ६ व्होल्ट देतात, चार रिचार्जेबल साधारण ४.८. काही रिमोट कमी व्होल्टेजची सूचना उशिरा देतात आणि तोवर सिग्नल अशक्त झालेला असतो. चौथ्या प्रकारात तर हे पहिलं काम.

त्याच वेळी फेलसेफही (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारं सेटिंग) तपासा. गाडी स्टँडवर ठेवा, चाकं अधांतरी, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबत नसेल तर रिसीव्हर शेवटचा आदेश धरून ठेवतोय, आणि सिग्नल तुटला की गाडी पूर्ण वेगात कुणाच्या तरी पायावर जाईल. बाकीचा दोष सापडेपर्यंत थांबू नका, आधी हे सेटिंग नीट करा. एरवीही सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी, आणि बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

मग ईएससीवर बॅटरीचा प्रकार कोणता निवडला आहे ते बघा. सहा सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल पॅक लावलाय आणि सेटिंग लायपोवर असेल, तर ईएससी त्याला दोन सेलची लायपो समजतो आणि ६.४ व्होल्टच्या आसपास कटऑफ लावतो, म्हणजे मोटर बंद करतो. निकेल पॅक भाराखाली तिथे सहज येतो, भरलेला असतानासुद्धा. गाडी मग नव्या बॅटरीवरही मरते आणि मालक बॅटरीला दोष देत बसतो. उलट चूक जास्त महाग पडते: लायपो लावून सेटिंग निकेलवर ठेवलं तर कटऑफ वेळेवर लागत नाही आणि पॅक कायमचा खराब होतो. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारख्या ईएससीवर यासाठी छोटी जंपर पिन असते, ट्रॅक्ससच्या बऱ्याच ईएससींवर दिव्याचा रंग सांगतो (हिरवा म्हणजे कटऑफ चालू, लाल म्हणजे बंद). बाकीच्यांसाठी त्यांचं माहितीपत्रक काढा.

बॅटरी

दुसऱ्या प्रकाराचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. बॅलन्स वायरला (पॅकमधला प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो ती पातळ वायर) लावायचा सेल चेकर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लायपो वापरणाऱ्या प्रत्येकाकडे तो हवाच, चार्जर कितीही चांगला असला तरी.

पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२० व्होल्ट. गाडी मेल्या मेल्या, बॅटरी काढायच्या आत, पुन्हा वाचा. तासाभराने वाचू नका, कारण भार गेल्यावर व्होल्टेज वर येतो आणि आजारी सेल निरोगी दिसायला लागतो. सेलांमधला फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर सावध व्हा. बरेच ईएससी फक्त पॅकची बेरीज बघतात. एक सेल ३.६ वर आणि दुसरा २.८ वर असला तरी बेरीज ६.४ च येते. म्हणजे कटऑफ लागेपर्यंत दुबळा सेल ३ व्होल्टच्या खाली ओढला गेलेला असतो, आणि प्रत्येक फेरीत तो आणखी दुबळा होतो.

सेल समान आहेत पण गाडी तरी मरते? मग पॅकचा अंतर्गत रोध बघा. बऱ्याच डिजिटल चार्जरवर तो मिलिओहममध्ये दिसतो. समजा जुन्या दोन सेलच्या पॅकचा एकूण रोध २० मिलिओहम आहे आणि गाडी उचलताना मोटरने क्षणभर ६० अँपिअर ओढले. ६० गुणिले ०.०२० म्हणजे १.२ व्होल्ट पॅकच्या आतच खर्च झाले. भरलेल्या ८.४ व्होल्टच्या पॅकवर ते कळत नाही. बराच उतरलेल्या, ७.४ वरच्या पॅकवर मात्र ईएससीला ६.२ दिसतात आणि तो कटऑफ लावतो. थ्रॉटल सोडला की व्होल्टेज वर, गाडी चालू. अडखळण्याचं कोडं हे एवढंच असतं. थंडीत रोध वाढतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे पहाटे गाडी बाहेर काढणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो. पॅक खोलीच्या तापमानाला आणून लावा, फरक लगेच दिसेल.

रोध वाढलेल्या पॅकवर इलाज नाही, तो बदलावाच लागतो. नवा घेतल्यावर मात्र चार-पाच दिवस वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पूर्ण भरलेला पॅक बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवणं म्हणजे तो फुगायला ठेवणं.

आणि पॅक आधीच फुगलेला असेल तर तपासणी इथेच थांबवा. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही, टोचायचा नाही, सोलून एक सेल बदलायचा तर मुळीच नाही. बाहेर, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. घंटागाडीत टाकू नका. तिथे कचरा दाबला जातो, दबलेला लिथियम सेल पेटतो, आणि ती आग कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातापाशी लागते.

कनेक्टर

पहिल्या प्रकारात, जिथे बीप पुन्हा वाजतात, तिथे मी सरळ इथे येतो. गाडी पाच मिनिटं पळवा, थांबवा आणि कनेक्टरला बोट लावा. वायर कोमट आणि कनेक्टर चटका देणारा, तर दोष सापडला. ५० अँपिअर वाहत असताना जोडात फक्त ५ मिलिओहम रोध असला तरी तिथे साडेबारा वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. त्या उष्णतेने स्प्रिंग ढिली होते, ढिली झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. म्हणून हा दोष आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

पांढरा, चौकोनी, टॅमिया पद्धतीचा प्लग मूळ ब्रश मोटरसाठी ठीक आहे. त्याच गाडीत ब्रशलेस (बिनब्रशची, तीन वायरींची) मोटर बसवली असेल तर तो काढून एक्सटी६० प्लग लावा. एक्सटी६० च्या ईएससीकडच्या पिनांना उभ्या चिरा असतात. दाबून दाबून त्या मिटतात आणि प्लग सहज निघायला लागतो. बारीक पातं चिरेत घालून पिन किंचित फुलवली की पकड परत येते. हे फक्त ईएससीच्या बाजूला, बॅटरी काढलेली असताना. बॅटरीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये धातूचं काहीही घालू नका, तिथे वीज कायम हजर असते. मोटरच्या तीन वायरींवरचे बुलेट कनेक्टरही असेच तपासा. त्यांतला एक जरी सैल असेल तर तिसऱ्या प्रकारची थरथर सुरू होते, कारण ब्रशलेस मोटरला तिन्ही फेज लागतात.

अँटेना

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमधून निघणाऱ्या वायरचं टोकाचं उघडं साधारण ३१ मिलिमीटरच खरं काम करतं, तो त्या लहरीच्या लांबीचा चौथा भाग आहे. ते टोक तुटलं, दुमडलं, कार्बनच्या चासीला चिकटलं किंवा मोटरच्या वायरींसोबत बांधलं गेलं की पल्ला कमी होतो. प्लास्टिकच्या नळीतून उभं वर काढा. मित्राला गाडी उचलून धरायला सांगा, तुम्ही चालत लांब जा आणि स्टिअरिंग हलवत राहा. नेहमी पळवता त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत तुटलं नाही तर अँटेना ठीक. जुना २७ मेगाहर्ट्झचा संच असेल तर त्याची लांब वायर कापू नका, आणि ब्रश मोटरच्या टर्मिनलपासून डब्याला सोल्डर केलेले १०४ छापलेले छोटे कपॅसिटर जागेवर आहेत का बघा. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळ तेच शोषून घेतात.

सर्व्हो आणि बीईसी

बीप न वाजता स्टिअरिंग मरतं, विशेषतः वळणावर, तेव्हा इथे बघा. गाडी जमिनीवर उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप फिरवा आणि रिसीव्हरच्या दिव्यावर लक्ष ठेवा. दिवा मंदावला किंवा विझला, तर बीईसी कमी पडतोय. साध्या ईएससीचा बीईसी २ ते ३ अँपिअरचा असतो. मूळचा सर्व्हो काढून २५ किलो टॉर्कचा बसवला की अडकलेल्या अवस्थेत तो एकटाच त्याहून जास्त ओढू शकतो. रिसीव्हरचा व्होल्टेज क्षणभर साडेतीनच्या खाली गेला की तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

लगेच सर्व्हो बदलू नका. आधी रिमोटवरचे एंड पॉइंट (स्टिअरिंग कुठवर वळेल त्याची मर्यादा) कमी करा. पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर चाक शेवटाला टेकल्यावरही तो ढकलतोय, आणि सगळा प्रवाह तिथे वाया जातोय. गुणगुण थांबेपर्यंत एंड पॉइंट आत घ्या. मग सर्व्हो हॉर्न (सर्व्होवरची छोटी दांडी) सोडवून चाकं हाताने वळवा. धूळ, वाकलेला दांडा, गंजलेलं बेअरिंग यांनी अडत असेल तर ते साफ करा. कोकणातली जांभ्याची लाल धूळ स्टिअरिंगच्या बुशात बसली की चाकं किती जड होतात हे हाताने वळवल्याशिवाय कळत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर १६ व्होल्टचा २२०० ते ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. क्षणिक ओढ तो झेलतो. त्याची धन-ऋण बाजू चुकवू नका, उलटा लावलेला इलेक्ट्रोलायटिक फुटतो. सतत जड सर्व्हो वापरायचा असेल तर वेगळा बीईसी घ्या, आणि तो जोडताना ईएससीपासून रिसीव्हरकडे येणाऱ्या प्लगमधली लाल वायर काढून टेपने झाका. दोन बीईसी एकाच रेषेवर एकमेकांना वीज देत राहू नयेत.

उष्णता आणि गिअरिंग

सेल समान, कटऑफ बरोबर, तरी गाडी पाच मिनिटांनी थांबते आणि ईएससी हात लावू देत नाही. हे उष्णतेचं संरक्षण आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ७५-८० अंश सेल्सिअस ही मी पाळतो ती मर्यादा. त्यापुढे चुंबकांची ताकद कायमची कमी होण्याचा धोका असतो, आणि अशक्त चुंबकांची मोटर तेवढ्याच वेगाला आणखी प्रवाह ओढते.

कारण बहुतेक वेळा मोठा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर). टॅमियाच्या टीटी-०२ चं उदाहरण घ्या: स्पर (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) ७० दातांचा, पिनियन २२ चा, आतलं गुणोत्तर २.६, म्हणून अंतिम गुणोत्तर ८.२७, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या इतक्या फेऱ्या. वेग हवा म्हणून २५ चा पिनियन बसवला की ते ७.२८ होतं. तीनच दात वाढले, पण तेवढ्याच भाराला मोटरला सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे जवळपास ३० टक्के. दोन दात कमी करा आणि पुन्हा मोजा. गवतावर पळवणार असाल तर आणखी कमी.

गिअर फार घट्ट बसवले तरी तेच होतं. पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर घड्या दिसाव्यात, ती फाटलेली नसावी. पावसाळ्यानंतर चारही चाकं एकेक करून हाताने फिरवा, गंजलेलं बेअरिंग खरखरतं. ईएससीच्या पंख्यात केस आणि धूळ अडकली असेल तर ब्रशने काढा.

मोटर आणि सोल्डर

तिसरा प्रकार उरला असेल तर सेन्सरची (शाफ्टची स्थिती ईएससीला कळवणारा मोटरमधला भाग) सहा तारांची पातळ केबल आधी बदला. गाडीतली सगळ्यात नाजूक वायर तीच. तुमचा ईएससी सेन्सरशिवायही चालत असेल तर केबल काढून हळू चालवून बघा. थरथर कमी झाली तर केबल किंवा मोटरमधला सेन्सर बोर्ड दोषी. सेन्सर वापरताना मोटरच्या ए, बी, सी वायरी ज्याच्या त्याच जागी हव्यात. बिनसेन्सरच्या मोटरमध्ये दोन वायरी अदलाबदल केल्या तर ती फक्त उलटी फिरते.

मोटरच्या वेटोळ्यांचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजू नका, तो इतका कमी असतो की आकडा विश्वासाचा येत नाही. त्याऐवजी मोटर ईएससीपासून सोडवा, पिनियन मोकळा करा, दोन वायरींची टोकं एकमेकांना लावा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. तो जड लागेल. तिन्ही जोड्यांनी असंच करा. जडपणा सारखा हवा. एका जोडीत हलका लागला तर तिथे वेटोळं किंवा जोड तुटला आहे. काहीच न जोडता शाफ्ट जड आणि अडखळत फिरत असेल, बेअरिंग ठीक असूनही, तर आत शॉर्ट आहे. मोटरच्या डब्यात आणि कुठल्याही वायरीत मल्टिमीटर बीप देता कामा नये.

जोड तुटलेला बाहेरच्या टॅबवर असेल तर सोल्डर करता येतो. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही, जाड तांबं उष्णता पिऊन टाकतं आणि सोल्डर करडं, दाणेदार, थंड बसतं. ६० वॅट किंवा जास्त, चपटं टोक, रोझिन फ्लक्स. वायर आणि टॅब आधी वेगवेगळे टिनवा (सोल्डरचा पातळ थर द्या), मग जोडा. सोल्डर चकाकत पसरलं पाहिजे.

कुठे थांबायचं

ईएससीमधून जळका वास येतोय, त्याचा कपॅसिटर फुगलाय, बॅटरीच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर सतत बीप देतोय, किंवा बॅटरी लावताक्षणी तो तापतोय: यातलं एक जरी असलं तरी पुन्हा "एकदा लावून बघू" करू नका. आतले मॉसफेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारे ट्रांझिस्टर) शॉर्ट झालेले असतात, आणि दर वेळी लावताना बॅटरीचा पूर्ण प्रवाह त्यांतून जातो. मोटरच्या आतलं वेटोळं तुटलं असेल तर तेही घरी गुंडाळायचं काम नाही.

हॉट एअर स्टेशनवर काम करणारा चांगला मोबाइल किंवा ड्रोन दुरुस्तीवाला मॉसफेट बदलू शकतो. वॉटरप्रूफ ईएससीचा बोर्ड बहुधा इपॉक्सीत बुडवलेला असतो, तो उघडताना भाग तुटतात. तसा असेल तर दुरुस्तीचा आग्रह न धरता नवाच घ्या. दुरुस्तीला देताना ईएससीसोबत मोटर आणि सेन्सर केबलही द्या, म्हणजे भाराखाली तपासता येईल. बॅटरी मात्र देऊ नका, आणि कोणत्या क्षणी काय मेलं, बीप वाजले की नाही, स्टिअरिंग चालू होतं की नाही, हे चिठ्ठीवर लिहून द्या.